अनवाणी आत्या

मी ज्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे, ते घर मला अनवाणी आत्यांनी राखून दिलं. घर माझं नाही, मालकांचं आहे. भोवतीची झाडंही त्यांचीच. पण चूल माझी आहे, आणि माझी आरती पहिलीपासून एकाच शाळेत जाते आहे. ज्यांना कधी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गावोगाव फिरावं लागलं नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटतं. म्हणून काय झालं ते सांगायच्या आधी नाव सांगून टाकते. अनवाणी आत्या.

नाव वाडीनं ठेवलेलं. त्या वाडीच्याच लेक. भोरकडच्या एका गावात दिल्या होत्या, तिथून कडेवर मुलगी घेऊन परत आल्या त्या कायमच्या. माहेरी राहिलेली लेक हळूहळू सगळ्यांचीच आत्या होते, तशा त्या झाल्या. आणि अनवाणी यासाठी, की त्यांच्या पायात वहाण कुणी पाहिली नव्हती. विंझरच्या दुकानात जाताना नाही, एसटीत चढताना नाही, कुणाच्या लग्नात नाही. डांबर तापलं की सडकेच्या कडेच्या मातीतून चालायच्या. लेकीनं पुण्याहून आणलेल्या चपला घरात खुंटीला टांगलेल्या असत. "लेकीला वाईट वाटू नये म्हून ठेवल्यात," म्हणायच्या. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे सासरहून निघाल्या तेव्हा घालायलाही वेळ मिळाला नाही, तेव्हापासून सोडल्या. मी एकदा धीर करून विचारलं, तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काही वेडं बोलले. "वहाण घातली की जिमीन मुकी व्हती ग. मग बोलायचं कुणासंगं? तुज्यासंगं?"

मी परभणीकडची. काळी सपाट जमीन, कापूस, तूर, आणि मधे कुठं तरी एखादी बाभळ. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि आम्ही भावंडं मागं मागं. पाटीवर अक्षर बसायच्या आधी फड बदलायचा. धाकट्यांना सांभाळायला कुणी तरी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, लागायचं, ती मी. सातवीत शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही, एका वर्षी परत आलो आणि मी गेले नाही, एवढंच. लग्नानंतर मीही कोयता धरला. आरती पोटात असताना फडात बसून मी एकच गोष्ट देवाला मागत होते, की हिला एका जागी राहू दे.

मग आरतीच्या बाबांना ही राखणीची जागा मिळाली. वाडीला लागून डोंगराचा उतार, त्यावर आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन, खाली मालकांनी लावलेली आंब्याची कलमं आणि मधे हे दोन खोल्यांचं कौलारू घर. मालक पुण्यात राहतात. आरतीचे बाबा दिवसभर टेम्पो चालवतात, झाडं बघायची मी. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "बाकी काही चुकलं तर बोलून घेऊ. पण आग लागली तर मात्र तुम्हाला ठेवता येणार नाही. आधीच्या माणसाला त्यासाठीच काढलं." ते शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त भीती वाटली. त्या दिवसापासून मी चुलीतली राख भिजवून टाकायला लागले. कुंपणाजवळ खड्डा केला, राखेवर तांब्याभर पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा पाणी. अजूनही तसंच करते.

भीती आगीचीच नव्हती. झाडांचीही होती. माघात इथं पानगळ लागते आणि सगळं रान वाजायला लागतं. दुपारी घराभोवती सारखी खसफस. आमच्याकडं रानात काही वाजलं तर एक तर जनावर असतं नाही तर माणूस, आणि दोन्ही दुरून दिसतात. इथं दिसत काहीच नाही. मी कडी लावून बसायचे. अशाच एका दुपारी कुंपणापलीकडून आवाज आला, "ए बाई, घरात हायेस का न्हाईस? भर दुपारचं दार लावून कुनाची वाट बघतीस?"

दार उघडलं तर डोक्यावर पाल्याचा भारा, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, आणि खाली ते पाय. एवढे रुंद पाय मी बाईमाणसाचे पाहिले नव्हते. बोटं पंख्यासारखी फाकलेली, टाचांना भेगा, पण चालताना आवाज नाही. पानांवरून चालत असूनसुद्धा.

मी म्हणाले, "भ्या वाटायलंय मला. काय तरी वाजायलंय."

"वाटायलंय, वाजायलंय!" आत्या हसल्या. "कुटली ग तू?"

"परभणीची."

"मंग ये हिकडं, परभणे. बस. ऐक."

भारा टाकून त्यांनी मला पानांत बसवलं. थोडं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. "ह्यो सरडा. पळतो आन थांबतो, चोरावानी." मग एका बाजूला नुसता गोंधळ, पानं उडताहेत, उलटी होताहेत. "ही सातभाई पाखरं. भांडत्यात आन किडं खात्यात." मग म्हणाल्या, "साप थांबत न्हाई. त्यो एकसारका जातो, कुनी लुगडं वढत न्यावं तसा. त्यो ऐकू आला तर उबं ऱ्हायाचं आन जाऊ द्यायाचं. त्याला तुज्याकडं काम नसतंय." त्या दिवसानंतर माझं नाव परभणे पडलं. वाडीतल्या पोरीसुद्धा मला परभणे काकू म्हणायला लागल्या. आणि कडी लावायची मी बंद केली.

इथल्या माघ-फाल्गुनाची कामं मला त्यांनीच लावली. भाताच्या रोपासाठी जी जागा भाजतात तिला राब म्हणतात. त्यासाठी झाडांचा पाला तोडायचा, वाळवायचा, शेण, पाला, गवत असे थर घालायचे, वरून माती लोटायची आणि पावसाळ्याच्या कितीतरी आधी ते सावकाश जाळायचं. आत्या या वयात ऐनावर चढायच्या. खालून मी ओरडायचे, "आत्या, उतरा ना माय!" वरून कोयता चालू. पाला सगळा काढायच्या पण शेंडा कधी तोडला नाही. "त्येला वर बगू दे," म्हणायच्या. एकदा मी झुडपाचा शेंडा उडवला तर दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी जाताना म्हणाल्या, "तुजी येनी कापली आसती कुनी, तर?"

खराटा धरायलाही त्यांनीच शिकवलं. कलमांच्या खालून पानं ओढायची, उतारावरून खाली नाही तर आडवी, आणि कुंपणाच्या कडेनं आग अडावी म्हणून दोन माणसं शेजारी झोपतील एवढा पट्टा साफ करायचा. पट्ट्यात काडी राहता कामा नये. मी वाकून वाकून झाडायचे आणि आत्या मागून चालत यायच्या, पायानंच पान उचलून बाजूला फेकायच्या. "हे काय? ह्याला काय नवरी म्हून ठिवलंय हितं?" काम करवून घ्यायची त्यांची रीत अशी होती. चुकलं तर टोमणा, बरोबर असेल तर काहीच नाही. त्या गप्प राहिल्या की मी खूश व्हायचे.

काम लवकर झालं तर फिरायला न्यायच्या. फिरायला हा माझा शब्द. त्या म्हणायच्या, "चल, रान बगून येऊ," जसं कुणी आजारी माणसाला बघून येऊ म्हणतं. सावरीला तेव्हा एक पान नसतं, नुसती लाल फुलं, आणि खाली सडा. पहाटे भेकरं ती फुलं खायला येतात. त्यांच्या खुरांचे ठसे आत्या पायाच्या अंगठ्यानं दाखवायच्या, वाकायच्या नाहीत. करवंदीला बारीक पांढरी फुलं आली की थांबून वास घ्यायच्या, आणि मग मला घ्यायला लावायच्या. वर डोंगराच्या खोबणीत वाडीची देवराई आहे. तिथली काडीसुद्धा घरी नेत नाहीत. बाहेर पडताना आत्या पदर झटकायच्या, निऱ्या झटकायच्या, मग एकेक तळवा मांडीवर घेऊन चिकटलेलं पान, कुसळ काढून आत टाकायच्या. मला, आरतीलाही तसंच करायला लावायच्या. आरतीच्या केसातून एकदा वाळकी शेंग निघाली तर ती परत आत जाऊन ठेवून आल्या. वाकून, जशी कुणाची वस्तू परत करावी तशी.

पण वाडी त्यांना मानायची ती दुसऱ्या कारणानं. राब पेटवणं अवघड नाही, तो विझला हे कळणं अवघड. वरून राख गार दिसते आणि आत शेणाचा गोळा धुमसत असतो. दुपारी खोऱ्यातून वारा चढला की त्यालाच जीभ फुटते. म्हणून राब भाजून झाला की आत्यांना बोलवत. त्या राबाच्या कडेनं, साफ केलेल्या पट्ट्यावरून, अनवाणी चालत. सावकाश. आधी बोटं टेकवायची, मग टाच. कुठं तरी थांबायच्या, पाय मागं घ्यायच्या. "हितं जागी हाय." मग कुणी तरी तिथं पाणी ओतायचं, माती लोटायचं. पूर्ण फेरी झाली की बाजूला येऊन म्हणायच्या, "झोपली." तो शब्द ऐकला की माणसं खराटे, डहाळ्या खाली ठेवून भाकरीला घरी जात. त्या शब्दावर कुणी दुसरं बोलल्याचं मी ऐकलं नाही. आत्यांचा भाचा सोपान तर तोंडावर म्हणायचा, "आमच्या आत्याच्या पायाला देवानं डोळं दिल्यात." आत्या म्हणायच्या, "गप ए. काम कर."

मालकांच्या झाडांचं कुंपण आणि सोपानचं भाताचं खाचर लागून आहे. त्यामुळं तो शब्द वाडीतल्या कुणापेक्षाही मलाच जास्त हवा असायचा. त्या 'झोपली' म्हणाल्या की मगच मी कुंपणापासून हलायचे.

त्या माघात आम्ही सावरीखालून येत होतो. आत्या पुढं, मी मागं. मला वाळक्या पानांवर लाल लाल दिसायला लागलं. आधी वाटलं सावरीची पाकळी. पण प्रत्येक पावलाला होतं. मी म्हणाले, "आत्या, थांबा. रक्त यायलंय तुमच्या पायातून."

त्यांनी पाय उचलून पाहिला. करवंदीचा काटा टाचेच्या पुढं पार आत गेलेला. मी दोन्ही हातांनी ओढून काढला. आत्यांचा चेहरा तसाच.

"दुखलं नाही का?"

"जुनं कातडं हाय."

"आत्या, वेल्ह्याला दवाखान्यात दाखवू. मी येते संगं."

"फाल्गुन सरू दे," म्हणाल्या. "राब व्हऊ देत सगळ्यांचं." मग थोडं पुढं गेल्यावर, माझ्याकडं न बघता, "कुनाला बोलू नगंस. उगं घाबरत्यात लोकं." काटा त्यांनी फेकला नाही. मुठीत धरून चालत राहिल्या. त्यानंतर मी त्यांना दोनतीनदा पाहिलं, एकट्या बसलेल्या, तळव्याला बोटानं टोचून बघताना. मी दिसले की पदर ओढून घ्यायच्या.

होळीच्या आधी सोपाननं राब भाजला. सकाळी, वारा नव्हता. सगळं रोजच्यासारखं. आत्या कडेनं चालून आल्या. एका ठिकाणी थांबल्या, जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या, मग पुढं गेल्या. बाजूला येऊन म्हणाल्या, "झोपली." सोपान आणि बाकीची माणसं घरी गेली. मी चूल आवरली, राख खड्ड्यात टाकली, पाणी ओतलं, ढवळलं.

उन्हं डोक्यावर आल्यावर वारा सुटला. आधी वास आला. मी बाहेर आले तर कुंपणाच्या करवंदी पेटल्या होत्या आणि वाऱ्यावर पट्टा ओलांडून आग कलमांकडं चालली होती. वाळक्या गवताची आग काही फार उंच नसते. गुडघ्याएवढी. पण ती बोलत बोलत येते, तडतड, तडतड, आणि थांबत नाही. मी ओरडले. वाडी धावून आली. बायकांनी ओल्या डहाळ्या तोडल्या, माणसांनी पुढं जाऊन पट्टा खरवडला, सगळ्यांनी मिळून झोडपून झोडपून ती विझवली. आत्याही होत्या. सगळ्यांच्या पुढं. विझली तेव्हा खालची सगळी कलमं गेली होती, आणि सावर एका अंगानं काळी झाली होती. आरती शाळेतून आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "आई, आता आपण जायचं का?" तिला मी कधी काही सांगितलं नव्हतं. लेकरांना कळतं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. घरासमोरच्या आंब्याखाली वाडीतली माणसं जमली. आग कुठून आली, हा प्रश्न. सोपान म्हणाला, "राब तर झोपला हुता. आत्यानं पाय लावलाय. आत्याच्या पायावर कुनाचं काय म्हननं हाय का?"

कुणाचं नव्हतं. खरं सांगते, माझंही नव्हतं.

"मंग ऱ्हायलं काय?" सोपान खड्ड्याकडं बघत म्हणाला. "राख कोन टाकतंय कुंपनाला? आमी काय आरोप करत न्हाई. पर बाहेरचं मानूस, त्येला हितला वारा काय म्हाईत."

"मी पाणी ओतलं होतं," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण आवाज मलाच परका वाटला. ओतलं होतं का? रोज ओतते. पण त्या दिवशी ओतलं का? सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला माझा तांब्या आठवेना. आरतीचे बाबा मान खाली घालून उभे होते. मालक ओरडले नाहीत. जळलेल्या कलमांतून एकटेच एक चक्कर मारून आले होते, बुटांना राख लागली होती. म्हणाले, "मी सुरुवातीलाच बोललो होतो. मुलीची परीक्षा होईपर्यंत राहा. मग बघा दुसरीकडं."

मी आत जाऊन पेटी ओढली. दुसरं काय करायचं ते मला येत नाही. लहानपणापासून असं काही झालं की आम्ही सामान बांधतो.

मी पेटी उघडली आणि बाहेर बायकांचा आवाज चढला, "आत्या, तुमी कशाला आलात? बसा, बसा." मी दारात आले. आत्या काठी टेकत आल्या होत्या. काठी मी त्यांच्या हातात पहिल्यांदा पाहिली. डाव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं. आंब्याच्या मुळावर बसल्या, धाप टाकली, आणि फडकं सोडायला लागल्या.

"चार मानसात पाय दाखवनं बरं न्हाई," त्या मालकांना म्हणाल्या. "माफी करा. पर बगा."

त्यांनी तळवा वर केला. मला तो अजून दिसतो. मधलं कातडं गेलं होतं, कडा काळ्या, आणि मांसात अजून राखेचे कण.

"काल झोडपताना भाजलं का आत्या?" कुणी तरी म्हणालं.

"न्हाई. झोडपताना मी पट्ट्यावर हुते, मातीत. ह्यो काल सकाळचा." आत्या कुणाकडं न बघता बोलत होत्या, पायाशीच बोलावं तसं. "सांजच्याला पाय धुया घेतला तर पानी काळं याया लागलं. म्हनलं राख आसंल. चोळला तर कातडं हाताला आलं. सोपान, तुज्या राबाच्या कुंपनाकडच्या कोपऱ्यात शेनाचा गोळा हुता. त्येच्यावर म्या हुबी हुते. चांगली हुबी हुते. आन मला कळलं न्हाई. विस्तवावर हुबं ऱ्हाऊन म्या म्हनलं, झोपली."

सोपान कसाबसा म्हणाला, "आत्या, झाका ते."

"झाकू? झाकून हिच्यावर ढकलू?" आत्यांनी काठी माझ्याकडं केली. "ही राखंला न्हानी घालती रोज. म्या बगितलीया. हिच्या राखंनं काडी बी पेटायची न्हाई. पोर साळंला जाती तिची."

वाडीत एवढी माणसं होती आणि सातभाईंचा आवाज ऐकू येत होता. मालकांनी त्या पायाकडं बघितलं. मग त्यांनी स्वतः गाडी आणली, आत्यांना बसवलं आणि वेल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. जाताना आरतीच्या बाबांना एवढंच म्हणाले, "पावसाळ्यात नवी कलमं लावू. खड्डे घेऊन ठेवा." मी पेटीतले कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

मला तेव्हा कळलं नाही आत्यांनी काय केलं ते. घर राहिलं, शाळा राहिली, या आनंदात मी होते. हळूहळू कळलं. तळवा कुणी उलटून बघणार नव्हतं. फडकं बांधून त्या घरात बसल्या असत्या तर लोक म्हणाले असते, आग विझवताना भाजलं, बिचाऱ्या. त्यांच्याजवळ शेत नव्हतं, माणूस नव्हता, होता तो एक शब्द, आणि तो त्यांनी आंब्याखाली सगळ्यांसमोर काढून ठेवला. माझ्यासाठी. नात्यातली नव्हते, गावातली नव्हते, त्यांच्या भाषेतही मी नीट बोलत नव्हते. पुढं त्या वर्षी अजून दोघांचे राब भाजायचे होते. त्यांनी आत्यांना बोलावलं नाही. वाईट हेतूनं नाही. पाण्याची टाकी आणली आणि ओतत बसले.

वेल्ह्याला साखर निघाली. किती तरी जुनी. डॉक्टर विचारत होते, पाय कधीपासून बधिर आहेत, आणि आत्या म्हणत होत्या, "बदिर न्हाईत. म्हातारं झाल्यात." जखम भरेना. पुढं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा पाऊल काढलेलं होतं. पांघरुणाखाली एका बाजूला उंचवटा आणि एका बाजूला काही नाही. मला रडू आलं तर म्हणाल्या, "रडू नगंस, परभणे. गेलं त्ये खोटं बोललं हुतं." आणि लगेच, हळूच, "कुनी चाललं का ग पट्ट्यावर?"

मी म्हणाले, नाही.

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

चैत्रात लेकीनं त्यांना एक दिवस वाडीवर आणलं, सामान न्यायला. लेक पुण्यात धायरीला राहते, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेला पाय उघडा ठेवायचा नाही, घरातसुद्धा नाही. लेक मला म्हणाली, "त्या खुंटीवरच्या चपला काढा." मी काढल्या. धूळ पुसली. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. मी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला एक कुसळ चिकटलं होतं, ते काढलं आणि चप्पल चढवली. अंगठा आत जाईना, इतकी बोटं फाकलेली. ओढून बसवली. आत्यांनी पाय जमिनीवर टेकवला, एकदा दाबून बघितला.

"आता ही बी मुकी," म्हणाल्या.

दुसरी चप्पल माझ्या हातात होती. ती त्यांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. एकीचं म्या काय करू." सोपाननं आणि आरतीच्या बाबांनी त्यांना खुर्चीसकट उचलून टेम्पोपर्यंत नेलं. जळालेल्या उतारावरून जावं लागतं. कुंभ्याच्या झाडाला तांबडी पालवी फुटली होती. आत्या तिकडं बघत होत्या की नाही, मला मागून दिसलं नाही.

आगीनंतरचा हा दुसरा माघ सरत आला आहे. सावर फुलली आहे, एका अंगानंच. जळलेल्या बाजूला फांदी नाही. कोयता घेऊन ऐनावर मी चढते, शेंडा ठेवते. कलमांखालची पानं ओढते. सोपान मागच्या वर्षी राब भाजून माझ्या दारात आला होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "ताई, चालता का जरा? पानी वतलंय, पर तरी." आत्या धायरीला गेल्यापासून तो मला ताई म्हणतो. मी चपला काढल्या आणि गेले. माझे पाय मऊ नाहीत, तोडलेल्या उसाच्या खुंटांवर चाललेले आहेत, पण आत्यांच्यासारखे नाहीत. आधी बोटं, मग टाच. एका जागी ऊब लागली तर पाय आपोआप मागं आला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पायामुळं नव्हतं. फेरी झाली तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "झालं." तो दुसरा शब्द मी म्हणत नाही. तो माझा नाही.

संध्याकाळी मी धायरीला फोन करते. लेक मोबाईल आत्यांच्या कानाला धरते. त्या बाकी काही विचारत नाहीत. माझं कसं आहे, आरती कितवीला आहे, काही नाही. गेल्या खेपेला तर आवाजही ओळखू येईना इतका बारीक झाला होता. "तिसऱ्या माळ्यावर जिमीन न्हाई ग," म्हणाल्या. मग, "कोपऱ्यात बगितलंस का? कुंपनाकडच्या?"

"बगितलं, आत्या."

"बोटांनी?"

"बोटांनी."

मग गप्प. त्या गप्प राहिल्या की पूर्वी मी खूश व्हायचे.

दुसरी चप्पल माझ्या खुंटीला आहे. तिच्याकडं बघून मी रोज मनात एक गोष्ट ठरवते, ती इथं लिहून ठेवते. आत्या, एका माघात मी तुम्हाला घेऊन येईन. आरतीचे बाबा टेम्पोत गादी घालतील. घरापर्यंत टेम्पो येतो, तिथून पुढं वाट नाही, पण काळजी करू नका. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची मी लेक आहे. तुम्ही आता एवढ्याशा झाला आहात. मी तुम्हाला पाठीवर घेईन आणि सोपानच्या राबाच्या कडेनं सगळा पट्टा चालेन, अनवाणी, तुम्ही सांगाल तितकं सावकाश. पाय माझे असतील. जागी असेल तिथं मी थांबेन, आणि तुम्हाला सांगेन. पूर्ण फेरी झाली की सगळ्या वाडीसमोर तुम्हाला आंब्याच्या मुळावर बसवेन. तो शब्द मात्र तुम्हीच म्हणायचा.